सावरखेडीच्या शाळेचा फोटो

सिंधूच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक हटकून एकच प्रश्न विचारायचं, "भाऊ कुठं गेलेत?" काखेत कॅबिनेट, हातात वायरींचं भेंडोळं, आणि नजर सिंधूच्या डोक्यावरून आत कुणी बाप्या दिसतो का ते शोधणारी. सिंधू स्टूल पुढं सरकवायची आणि म्हणायची, "भाऊ न्हाई. मीच हाय. बसा, काय झालंय सांगा." काही जण बसायचे. काही जण नंतर येतो म्हणून काढता पाय घ्यायचे, आणि आठ दिवसांनी, दुसऱ्या कुणीतरी मशीनची पार वाट लावल्यावर, मान खाली घालून परत यायचे. त्यांना ती काही बोलायची नाही. फक्त त्यांचं मशीन रांगेत शेवटी ठेवायची, एवढा हक्क तिनं आपला आपण घेतलेला होता.

ही गोष्ट दोन हजार अकरा सालच्या लातूरची. तेव्हा शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पण क्लासांची टेस्ट सिरीज रोज असायची. चाकूर, उदगीर, नांदेड, कुठून कुठून घरं उठून लातूरला यायची. बाप नोकरीच्या गावी राहायचा आणि आई पोराला किंवा पोरीला घेऊन दोन खोल्यांत संसार मांडायची, का, तर पोर डॉक्टर व्हायला पाहिजे. त्या वर्षी क्लासवाल्यांनी नवं खूळ काढलं होतं. टेस्ट सिरीज सीडीवर द्यायची आणि पोरांनी ती घरच्या कॉम्प्युटरवर सोडवायची. झालं, लोकांनी माळ्यावर टाकलेली मशीनं खाली उतरवली. त्यातली निम्मी चालू व्हायची नाहीत, आणि ती सगळी सिंधूच्या दुकानात यायची.

बंद मशीन आलं की सिंधू आधी बटण दाबायची नाही. आधी विचारायची, शेवटचं कधी चालू होतं, तेव्हा काय करत होता, लाइट गेली होती का, कुणी हलवलं होतं का. लोक वैतागायचे. डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाही, म्हणायचे. मग ती कॅबिनेट आडवं करून बाजूचा पत्रा काढायची आणि नाक खाली नेऊन वास घ्यायची, जळाल्याचा वास येतो का ते बघायला. दोन हजार साली लातुरात हार्डवेअरचा कोर्स केला तेव्हा पंचवीस पोरांत ती एकटी मुलगी होती, आणि तिचं हे वास घेणं बघून पोरं फिदीफिदी हसायची. त्या पंचवीसांतले बावीसजण आता इन्शुरन्स नाहीतर प्लॉट विकत होते.

आणखी एक नेम तिनं स्वतःला घालून घेतला होता. विंडोज बिघडलं की गावातले सगळे दुकानदार एकच विचारायचे, "डी ड्राइव्हमध्ये काही ठेवलंय का?" हो म्हटलं की डी तेवढा राखायचा आणि विंडोज असलेला सी ड्राइव्ह डोळे झाकून पुसून टाकायचा. महत्त्वाचं ते डीमध्ये असतं, असा या धंद्याचा जणू शास्त्रार्थच ठरलेला. सिंधू तसं करायची नाही. ती हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडायची आणि पुसण्याआधी सगळं बघून घ्यायची. किती जणांच्या लग्नांचे फोटो, बारशांचे फोटो तिनं असे वाचवले होते. लोक म्हणायचे, बाई फार चिकट आहे कामाला. त्यांना कुठं माहीत होतं की पुसून गेलेली गोष्ट काय असते, हे या बाईला बाराव्या वर्षीच कळलं होतं.

सिंधू औसा तालुक्यातल्या सावरखेडीची. बाप मलप्पा, आई लक्ष्मीबाई, आणि चार वर्षांनी धाकटा भाऊ शिवलिंग, ज्याला सगळे शिवा म्हणायचे. त्र्याण्णव सालच्या गणपतीत उदगीरला मामी बाळंत झाली, तेव्हा आईनं सिंधूला हाताखाली म्हणून तिकडं पाठवलं. आठ दिवसांत ये म्हणाली. अनंत चतुर्दशीला गाव गणपती बुडवून दमून झोपलं, आणि पहाटेच्या भूकंपात सावरखेडीची दगडामातीची घरं आतल्या माणसांसकट बसली. उदगीरला भांडी तेवढी पडली. मामा, महादेवप्पा, धान्याच्या अडतीवर होते, ते त्याच दिवशी ट्रकमधून गेले आणि तिसऱ्या दिवशी एकटेच परत आले. सिंधूला त्यांनी नेलं दहाव्या दिवशी, आणि तोवर दाखवण्यासारखं तिथं काही राहिलेलं नव्हतं.

त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून माती देतात. तिथं नाव घ्यायला, फूल ठेवायला जागा राहते. पण त्या पावसाच्या दिवसांत कुणाला कोण माती देणार. घरांच्याच तुळया आणि चौकटी ओढून काढून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला गेला. मामा पुढं कितीतरी वर्षं, जेवता जेवता मध्येच, म्हणायचे, "आपल्यात जाळत न्हाईत गं पोरी. मी तिथं असून काय करू शकलो न्हाई." सिंधू त्यांना पाणी द्यायची. तिला त्या जाळण्याचं एवढं वाटायचं नाही. तिला वेगळंच खायला उठायचं. घरात एक फोटो नव्हता. आईबापांचा चेहरा तिला आठवायचा, कारण मामा हुबेहूब आईसारखं डोकं कलतं करून बोलायचे आणि बाप आरशात तिच्याच नाकाडोळ्यांत दिसायचा. शिवाचं मात्र तसं नव्हतं. त्याचा आवाज आठवायचा. चड्डीचं तुटलेलं बटण, गालगुंड झाल्यावर गळ्याला बांधलेलं फडकं, सगळं आठवायचं. चेहराच यायचा नाही. मामाकडं तेव्हा जन्मलेला अंबरीश मोठा झाला, आठ वर्षांचा झाला, आणि त्यानंतर तर डोळे मिटले की शिवाच्या जागी अंबरीशच येऊन उभा राहायचा. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या भावाचा चेहरा विसरले, हे सांगायची तिला लाज वाटायची.

एप्रिलमधली दुपार होती. राजश्री नावाच्या बाई रिक्षातून कॅबिनेट घेऊन आल्या. नांदेडच्या, कॉलेजात शिकवायच्या, आणि मुलीच्या क्लासपायी वर्षभराची रजा टाकून लातूरला येऊन राहिलेल्या. मुलगी मृण्मयी बारावीत. पाच वाजता तिची मोठी टेस्ट उघडणार होती, मशीन सकाळपासून चालू होईना, आणि बाईंच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की परीक्षा पोरीची नसून त्यांचीच आहे.

"कुणाचं मशीन?" सिंधूनं विचारलं.

"सासऱ्यांचं. नांदेडहून परवाच आणलंय. तिथं चालू होतं हो."

म्हणजे टेंपोत हादरलंय. सिंधूनं पत्रा काढला, वास घेतला. जळालेलं काही नव्हतं. बटण दाबलं तसा पंखा फिरला, पण स्क्रीनवर काही नाही, नुसते लांब लांब बीप. ते बीप तिच्या ओळखीचे होते. तिनं मेमरीची, रॅमची पट्टी काढली, तिचे पिवळे दात शाळेच्या खोडरबरनं घासले, खाच फुंकून पट्टी परत दाबून बसवली. स्क्रीनवर अक्षरं आली. राजश्रीबाईंनी हात जोडले. पण विंडोज सुरू होता होता बिघाडाचा निळा पडदा आला, परत सुरू केलं, परत निळा पडदा. तोवर सव्वादोन झाले होते, आणि दुकानाच्या भागातली लाइट तीनला जायची ती सहाला यायची.

"नवीन विंडोज टाकावं लागतंय," सिंधू म्हणाली. "ह्यात त्यांचं काय हाय का?"

"बाबांचं लिहिणं-बिहिणं असतं काहीतरी. महत्त्वाचं सगळं डीमध्येच असतं ना?"

"असतं तिथंच."

हे उत्तर सिंधूनं दिलं. इतकी वर्षं ज्या उत्तरावर ती दुसऱ्या दुकानदारांना नावं ठेवायची, तेच तिच्या तोंडातून आलं. डिस्क काढून, जोडून, सगळं उतरवून घ्यायला पाऊण तास लागला असता. मागं सात मशीनं पडली होती, घड्याळ पुढं पळत होतं, आणि समोर एक आई रडायच्या बेतात उभी होती. तिनं डी राखला आणि सी पुसला. वर नवं विंडोज टाकलं, त्याच्यावर क्लासची सीडी घालून टेस्ट सिरीजसुद्धा उतरवून दिली. तीनला दोन मिनिटं कमी असताना मशीन रिक्षात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, डोक्यावर टक्कल, हातात काठी. स्टुलावर बसले, घाम पुसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी अनंतराव सेलूकर. राजश्रीचा सासरा. कालच नांदेडहून आलो. माझ्या स्क्रीनवरचं सामान कुठं गेलं, तेवढं विचारायला आलो."

"स्क्रीनवर ठेवलं होतं?"

"हो. मी आयुष्यभर मास्तरकी केली. टेबलावर जे मांडलेलं असतं तेच मला सापडतं. कपाटात ठेवलं की हरवतं. म्हणून सगळं समोरच ठेवत होतो."

स्क्रीनवर दिसतं ते सगळं सीमध्ये असतं. सिंधूला तिथल्या तिथं कळलं, काय झालं ते. अशा वेळी धंद्यात एक वाक्य तयार असतं, डिस्कच खराब होती, आम्ही काय करणार. तिनं तोंड उघडलंसुद्धा, पण आधी विचारलं, "काय काय होतं गुरुजी?"

"बाकी काही नाही हो. एक फोटो होता, शाळेचा. मूळ फोटो नांदेडला दोन हजार सहाच्या पुरात भिजून गेला. नशीब, त्याच्याआधी मुलानं कॉम्प्युटरमध्ये घेऊन ठेवला होता. रोज सकाळी उघडून बघत होतो. ते गाव आता नाही. भूकंपात गेलं. सावरखेडी म्हणून होतं औशाकडं."

सिंधूच्या हातात पेचकस होता. तो तिनं खाली ठेवला.

तिला काळ्या मिशांचे, सायकलवर येणारे, खिशात खडूचे तुकडे ठेवणारे सेलूकर गुरुजी आठवले. समोरच्या म्हाताऱ्यात तिला ते शोधावे लागले.

"गुरुजी, मी सिंधू. मलप्पाची. सातवीत होते."

गुरुजी काठी टेकवून पुढं वाकले. "उदगीरला गेली होती ती?"

"हाव. तीच."

"मी पण गेलो होतो," गुरुजी म्हणाले. "चतुर्दशीला घरी, नांदेडला. एक दिवसाची रजा. अठरा वर्षं झाली, ती रजा काही संपत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुझा भाऊ होता ना तिसरीत? तो हाय त्या फोटोत. पंधरा ऑगस्टला काढलेला. सगळी शाळा हाय त्यात."

आयुष्यात जी एक गोष्ट तिला पाहिजे होती ती दोन दिवसांपूर्वी याच टेबलावर तिच्या हाताखाली होती, आणि ती तिनंच पुसली होती. एकदा बघितलं असतं तर. तिच्याच नेमाप्रमाणं, फक्त एकदा. पण सिंधू खोटं बोलली नाही.

"डिस्क चांगली हाय गुरुजी. मी पुसलं. न बघता पुसलं. माझी चूक हाय."

गुरुजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "परत येतं का ते?"

"कधी कधी येतं. बघते."

तिनं राजश्रीबाईंना आपलं स्वतःचं चांगलं मशीन नेऊन दिलं, मृण्मयीच्या टेस्टसाठी, आणि गुरुजींची डिस्क दुकानात आणली. पुसलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर असतं. ते डिस्कचा कोपरा न् कोपरा चाळतं आणि जे हाताला लागेल ते बाहेर काढतं, पण नावं गेलेली असतात. हजारो फायली, सगळ्यांना नुसते नंबर. सिंधूनं दुसरी कामं बंद ठेवली. गिऱ्हाइकं आली तशी परत गेली. सकाळी अकराला गुरुजी यायचे, स्टुलावर बसायचे, आणि लाइट जाईपर्यंत बसून राहायचे. ती एकेक फाइल उघडायची. विंडोजची चित्रं, कुठल्या दिवाळीची रांगोळी, गुरुजींच्या गेलेल्या बायकोचा, गोदावरीबाईंचा, कुठल्याशा अर्जासाठी काढलेला पासपोर्ट फोटो. तो बघून गुरुजी म्हणाले, "हा राहू दे बाई." तिनं तो बाजूला काढून ठेवला.

"शिवा कसा होता गुरुजी?" एकदा तिनं मध्येच विचारलं.

"पाढे पाठ होते त्याचे. एकोणीसचा अडायचा."

"दिसायला?"

गुरुजींनी आठवून पाहिलं. खरा माणूस, त्यांनी उगीच काही सांगितलं नाही. "फोटो समोर असला की ओळखू येत होता. आता न बघता सांग म्हणशील तर मला बी येत नाही सांगता. म्हातारा होऊन राहिलो बाई मी."

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला ती फाइल उघडली.

जुन्या मशीनवर मोठा फोटो वरून खाली हळूहळू उतरतो. आधी आभाळ आलं. मग झेंड्याची काठी, झेंडा वाऱ्याला लागलेला. शाळेच्या भिंतीवरचं अर्धं पुसलेलं चुन्याचं अक्षर. गुरुजी स्टुलावरून उठून मागं येऊन उभे राहिले. मग टोपी घातलेले हेडमास्तर, मग मागच्या रांगेतली मोठी पोरं, सहावी-सातवीची, एकेक कपाळ, एकेक डोळे. सिंधूनं नावं घ्यायला सुरुवात केली आणि गुरुजी तिच्याबरोबर म्हणू लागले. कडेला दोन वेण्या, लाल रिबिनी, उन्हानं डोळे बारीक केलेली एक पोरगी आली. ती स्वतः होती. आपण कशा दिसत होतो हे तिनं अठरा वर्षांनी पाहिलं. फोटो तिच्या खांद्यापर्यंत, मग कोपरापर्यंत उतरला, आणि थांबला. तिथून खाली पट्टीनं ओढल्यासारखी सरळ रेघ, आणि रेघेखाली सगळा करडा रंग.

पुढं खाली बसलेली लहान पोरं त्या रंगात होती. एकही वर आलं नव्हतं.

"माझा हात बघा गुरुजी," सिंधू म्हणाली. फोटोतल्या पोरीचा उजवा हात सरळ लटकत नव्हता. तो पुढं आणि खाली गेलेला होता, कशावर तरी ठेवल्यासारखा, आणि मनगटाशी करड्या रंगात शिरला होता.

गुरुजींना आठवलं. "तो पोरगा खाली बसायलाच तयार नव्हता. बहिणीपाशीच उभा राहतो म्हणाला. फोटोवाला चिडला. मग मीच तुला म्हटलं, धर त्याला, त्याच्या डोक्यावर हात ठेव म्हणजे हलायचा नाही."

सिंधूनं तो भाग मोठा केला. पुन्हा मोठा केला. मोठा केला की करडा रंगच मोठा होत होता.

"हे खालचं येतं का अजून?" गुरुजींनी विचारलं.

गिऱ्हाइकाला ती अशा वेळी म्हणायची, बघू, प्रयत्न करू. ते बरं वाटायचं लोकांना. पण खाली काय आहे हे तिनं मघाशीच तपासून पाहिलं होतं. डिस्कवर जिथं फोटोचा तो तुकडा होता, तिथं आता दुसऱ्याच फायली बसल्या होत्या. तिनंच बसवल्या होत्या, त्या दिवशी, तीन वाजायच्या आत.

"न्हाई गुरुजी. त्याच्यावर पोरीची टेस्ट सिरीज लिहिली गेली."

गुरुजींनी काठी टेबलाला टेकवली. त्यांनी आपला हात सिंधूच्या डोक्यावर ठेवला, जसा मास्तर ठेवतो, आणि काढला नाही. सिंधू रडली. दुकान उघडं होतं, समोरून क्लास सुटलेली पोरं सायकली घेऊन जात होती, आणि ती बसल्या जागी तोंड न झाकता रडली.

तीनला लाइट गेली आणि स्क्रीन काळा झाला. फोटो तिनं आधीच दोन ठिकाणी उतरवून ठेवला होता, एक गुरुजींसाठी आणि एक आपल्यासाठी.